शिरा खाल्लेल्यांना भूल नाही

न्हावऱ्याच्या मल्हारी करगळांची प्रतिभा डॉक्टर झाली, तेव्हा ते सगळ्या गावाला समजलं. पुढं ती पुण्याला भूल द्यायचं शिकायला लागली, तेव्हा मात्र ते कुणालाच धड समजेना. मल्हारी डेअरीत दूध घालायला गेला की रांगेतलं कुणीतरी विचारायचंच, "पोरगी ऑपरेशनं करती का आता?"

"न्हाई. ऑपरेशन दुसरा करतो. ही माणसाला झोपवती."

मग हशा पिकायचा. "झोपवायला शिकाय आठ वर्सं लागली व्हय रं मल्हारी? आमची म्हातारी पाठीवर दोन थापा मारून झोपवती."

मल्हारीच्या बापापर्यंत सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. मल्हारीनं मेंढरं विकून ऊस लावला, दोन म्हशी बांधल्या आणि पोरीला शिकवलं. बोलण्यात तो कधीच पटाईत नव्हता. घरी येऊन बायकोला म्हणायचा, "सुषमा, नेमकं काय सांगायचं लोकांना?"

सुषमा शिरूरच्या कॉलेजात बी.ए. झालेली, शाळेत शिकवणारी. तिला सांगता आलं असतं, पण ती विषयच बदलायची. प्रतिभानं तिला एकदा समजावलं होतं, "आई, झोपवणं सोपं असतं. झोपलेल्याचा श्वास मग आपल्या हातात येतो आणि त्याला पुन्हा उठवायचं असतं. खरं काम ते." हे ऐकल्यापासून सुषमा दर रविवारी एसटीडी बूथमधून हॉस्टेलला फोन लावायची. जेवलीस का, थंडी आहे का, हे सगळं नंतर. तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "या आठवड्यात सगळे उठले ना?"

"उठले गं आई."

तेवढ्यावर सुषमाचा पुढचा आठवडा जायचा.

१९९७च्या मे महिन्यात प्रतिभा पदविकेला लागली, तेव्हा पहिले काही महिने तिला कुणी भूल देऊ दिली नाही. सकाळी सहाला थिएटरमध्ये जायचं, औषधं सुयांत भरायची, प्रत्येक सुईवर चिकटपट्टी लावून नाव लिहायचं, मशीनच्या नळ्या फुंकून बघायच्या. मग मास्क धरायचा. डाव्या हाताची तीन बोटं पेशंटच्या जबड्याच्या हाडाखाली, अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उजव्या हातानं काळा फुगा दाबत राहायचं. तासाभरात बरोबरच्या मुलामुलींचे हात थरथरायला लागायचे. प्रतिभाचा हात थरथरायचा नाही. शाळेला जायच्या आधी दोन म्हशींच्या धारा काढलेला हात होता तो. तिच्या मॅडम, म्हणजे विभागप्रमुख, एकदा मागं उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या. "कुठं शिकलीस हे?" त्यांनी विचारलं. "गोठ्यात," प्रतिभा म्हणाली. थिएटरमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

सर्जन मंडळी भूलवाल्यांना नावानं हाक मारत नसत. "ए भूल, झोपला का?" असं विचारत. बरा झालेला पेशंट सर्जनला पेढे आणून द्यायचा आणि भूल देणाऱ्या बाईच्या शेजारून तिला न ओळखता निघून जायचा. प्रतिभाला याचं काही वाटत नसे. ती म्हणायची, ओळखण्याइतका शुद्धीत तो होताच कुठं!

तिला वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. तिसऱ्या महिन्यात तिच्यासमोर एक माणूस गेला. गॅरेजमध्ये काम करणारा, तिशीतला, धडधाकट. साधं हर्नियाचं ऑपरेशन, दोन दिवस आधी ठरलेलं. त्याला विचारलं होतं, "उपाशी आहात ना?" तो म्हणाला, हो. भूल चढता चढता त्याला उलटी झाली आणि ती सगळी फुप्फुसात गेली. घशातलं ओढून घ्यायची नळी प्रतिभाच्याच हातात होती. पावाचे भिजलेले तुकडे नळीत अडकत होते. नऊ दिवस तो मशीनवर राहिला आणि दहाव्या दिवशी गेला. बाहेर त्याचा भाऊ भिंतीला डोकं लावून म्हणत होता, "एक चहा-पावच दिला हो. उपाशी निघवत नव्हतं त्याच्यानं."

त्या रविवारी सुषमानं फोनवर नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा प्रतिभानं पहिल्यांदाच सांगितलं, "एक उठला नाही, आई."

त्यानंतर प्रतिभानं "उपाशी आहात ना" हा प्रश्न कुणालाच विचारला नाही. त्याचं उत्तर काय येतं ते तिला माहीत झालं होतं. ती विचारायची, शेवटचं काय खाल्लं, किती वाजता, कुणी वाढलं. आणि तोंड उघडायला लावून स्वतः बघायची.

दीड वर्ष सरलं. शेवटची टर्म राहिली होती, मॅडमची सही झाली की उन्हाळ्यात परीक्षा. अशात डिसेंबरमध्ये दौंड तालुक्यातून एक पत्र आलं. यवतच्या पुढं हायवेला लागून डॉ. पृथ्वीराजांनी नवीन हॉस्पिटल बांधलं होतं. त्यांचे चुलते सर्जेराव आप्पा म्हणजे भागातलं वजनदार माणूस. दूध संघ, सोसायटी, सगळीकडं त्यांचा शब्द. आप्पांच्या वाढदिवसाला मोफत ऑपरेशनचं शिबिर ठेवलं होतं. ऑपरेशनं पृथ्वीराज करणार. भूल देण्यासाठी एक डॉक्टर आणि मशीन सरकारी कॉलेजनं द्यावं, अशी विनंती होती.

मॅडमनी प्रतिभाला बोलावलं. "तुझ्याच भागातलं आहे. एकटी जाशील?"

"जाईन."

भुलीचं मशीन, ऑक्सिजनचे दोन सिलिंडर, घशातलं ओढून घ्यायचं पायानं दाबायचं सक्शन, असं सगळं रजिस्टरमध्ये प्रतिभाच्या सहीनं बाहेर पडलं आणि टेंपोत चढलं. एकटीवर सोपवलेलं तिचं हे पहिलंच काम.

ही बातमी न्हावऱ्याला पोचली आणि सुषमाच्या डोक्यात एक विचार आला. मल्हारीची चुलती बानूबाई, सत्तरीची. बेंबीजवळची गाठ चार वर्षं लुगड्यात लपवून हिंडत होती. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायची, मला निजवून कुणी सोडून गेलं म्हंजी? सुषमा तिला म्हणाली, "आपली प्रतिभा असणार आहे उशाला." तेवढ्यावर म्हातारी तयार झाली. आप्पांचा कार्यकर्ता ज्ञानदेव जीप घेऊन गावोगाव नावं लिहीत फिरत होता. त्यानं प्रत्येकाला बजावलं, "रात्रीपून काय बी खायाचं न्हाई. पानी बी न्हाई. डॉक्टरचा हुकूम हाय."

शिबिराच्या सकाळी प्रतिभाचा टेंपो दहाला पोचला. हॉस्पिटलच्या पुढं मांडव, मांडवात खुर्च्या, कमानीवर आप्पांचा फोटो. आत लांब खोलीत चौदा पेशंट खाटांवर ओळीनं बसलेले. पहिल्याच खाटेवर बानूबाई, आणि तिच्याजवळ सुषमा.

"आली माजी डाक्टरीन!" बानूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ही निजवनार मला. लहानपनी हिला म्या निजवली."

"आजी, तोंड उघडा."

"आगं तोंड कशाला? दुखनं बेंबीला हाय."

"श्वासाची नळी तोंडातनं जाती. उघडा, आ करा."

बानूबाईनं आ केला. प्रतिभानं बॅटरीचा उजेड टाकला. मिश्रीनं काळ्या पडलेल्या हिरड्या, खाली एकटीच उरलेली दाढ, आणि दाढेच्या बुडाशी चिकटलेला पिवळसर रवा. वेलदोड्याचा वास थेट नाकात आला.

"आजी, काय खाल्लंत?"

"काय न्हाई बया. काल सांजच्यापून पानी न्हाई."

प्रतिभानं आईकडं पाहिलं. सुषमा निऱ्या सारख्या करत होती.

दुसऱ्या खाटेवरच्या माणसाचं तोंड उघडलं, वेलदोडा. तिसरा; वेलदोडा. चौथ्याच्या मिशीवर तूप चमकत होतं. चौदा तोंडं बघून ती बाहेर आली. मांडवामागं ज्ञानदेव आचाऱ्याकडून मोठी कढई घासून घेत होता.

"ज्ञानदेवभाऊ, पेशंटना नाश्ता कुणी दिला?"

"नाश्ता न्हवं मॅडम," ज्ञानदेव कानाला हात लावून म्हणाला. "तोंड ग्वाड केलं निस्तं. आप्पांचा वाढदिवस हाय. आप्पांच्या मांडवात मानूस उपाशी बसवायचं व्हय?"

"काल तुम्हीच त्यांना उपाशी या म्हणून सांगितलं ना?"

"घरनं उपाशीच आल्ती की! म्या सवता एकेकाला इचारून जीपमधी घेतलं. हितं आल्याव ती आपली पाव्हनी झाली."

"किती वाजता वाढला शिरा?"

"नवाला. बेदानं घालून. भाकर न्हाई दिली हां कुणाला. जेवान न्हाईच ते."

त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. हे प्रतिभाला सगळ्यांत अवघड वाटलं. दारात आलेल्याला रिकाम्या तोंडी ठेवणं म्हणजे घराण्याला बट्टा, आणि वाढदिवसाचं गोड नाकारणं म्हणजे त्या माणसाचं वाईट चिंतणं. तीही याच मुलखात वाढली होती. तिच्या घरी कुणी ऑपरेशनला निघालं असतं तर तिच्या बापानंसुद्धा हेच केलं असतं.

पृथ्वीराज हिरवे कपडे घालून तयार होते. पुण्यात शिकलेले, बोलणं गुळगुळीत. "चला डॉक्टर, साडेदहाला पहिला घेऊ. अकराला आप्पा नारळ फोडून थिएटर बघायला येतील. पेपरवाले आलेत."

"सगळ्यांनी नऊला खाल्लंय, सर. पोट रिकामं व्हायला सहा तास तरी हवेत, साडेतीनच्या आधी भूल देता येणार नाही."

"कोण म्हणतं खाल्लंय? सगळ्यांच्या कागदावर उपाशी लिहिलंय."

"मी तोंडं बघितली."

पृथ्वीराज हसले. "अहो चमचाभर प्रसादासारखं असेल. सगळ्या बेंबीपासून खालच्या केसेस आहेत. पाठीत सुई द्या. पेशंट जागा राहील, गप्पा मारेल. पोटाचा काय संबंध?"

"पाठीतली सुई कधी लागू पडत नाही, तेव्हा पूर्ण भूल द्यावी लागते. लागू पडली तरी बीपी उतरतं, उलटी होते. माझ्याकडं एकच सक्शन आहे, तेही पायानं दाबायचं. नाही, सर."

"किती वर्षं झाली तुम्हाला?"

"दीड."

"मला बारा. दीड वर्षाच्या मुलीनं मला शिकवायचं?" त्यांचा आवाज चढला. "ठीक आहे. सुई मी स्वतः देतो. तुम्ही उशाला नुसत्या बसा आणि कागदावर सही करा."

प्रतिभा थिएटरमध्ये गेली, दोन्ही सिलिंडर घट्ट बंद केले, त्यांची चावी काढली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली. मग बाहेर येऊन म्हणाली, "मशीन कॉलेजचं आहे. रजिस्टरला सही माझी आहे. साडेतीनला चालू करीन."

"चावी द्या."

"नाही."

"तुमच्या मॅडमना मी आज पत्र लिहीन. टर्म होणार नाही तुमची, हे मी सांगतो. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," ती म्हणाली.

हे सगळं दार उघडं ठेवून चाललेलं. लांब खोलीत ऐकू जात होतं. सुषमा धावत आली आणि लेकीचा दंड धरून तिला कोपऱ्यात नेलं.

"प्रतिभा, ऐक माझं. मोठी माणसं आहेत. ते डॉक्टर म्हणतायत ना मी करतो म्हणून, करू दे त्यांना. तू बाजूला हो. दीड वर्ष काढलंस, आता चार महिने राहिलेत."

"आई, तू खाल्लास ना शिरा?"

सुषमानं पदरानं ओठ पुसले.

"आजीनं किती खाल्ला?"

"टर्म गेली तर तुझे पप्पा..."

"आई, आजीनं किती खाल्ला?"

तेवढ्यात मांडवातून आप्पा आले. पांढरं धोतर, गळ्यात झेंडूचा हार, मागं ज्ञानदेव आणि पाच-सहा माणसं. पृथ्वीराजांनी दोन वाक्यांत सांगितलं. आप्पांनी प्रतिभाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कुनाची गं तू?"

"न्हावऱ्याच्या मल्हारी करगळांची."

"आसं व्हय." आप्पा मागच्या माणसांकडं वळून म्हणाले, "हिचा आजा आमच्या रानात मेंढरं बसवायचा. आमच्या विहिरीवर पानी प्यायचा."

माणसं हसली.

"बसवायचे, आप्पा. त्या मेंढरांच्या लेंड्यांवर तुमच्या रानात पीक चांगलं यायचं, असं ते सांगायचे."

हसणं थांबलं. आप्पांच्या भुवया वर गेल्या. रागानं की कौतुकानं, हे कुणालाच कळलं नाही.

"जीभ लांब हाय," ते म्हणाले. "पेशंट काय म्हन्त्यात ते बघू. आरं, शिरा कुनी खाल्ला? हात वर करा."

चौदांपैकी एकही हात वर गेला नाही. ज्ञानदेवनं आधीच कानाकानांत सांगून ठेवलं होतं, व्हय म्हनाल तर ऑपरेशन हुकंल. खाल्लेला शिरा कबूल कुणी करायचा, आणि कशापायी? कुणी चार वर्षं गाठ सांभाळत आलेलं, कुणी दुखणं धोतरात बांधून ऊस तोडलेला. ते सगळे खाली मान घालून बसून राहिले.

"बानूबाई, तुमी?"

"उपाशी हाय जी," बानूबाई म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

"बघा," पृथ्वीराज म्हणाले. "चौदा माणसं एकीकडं आणि ह्या बाई एकीकडं. चावी द्या आता."

प्रतिभानं हात खिशात घातला आणि चावी मुठीत घट्ट धरली. तिच्या बाजूनं बोलायला त्या खोलीत कागदही नव्हता. कागदावर उपाशीच लिहिलेलं होतं.

"मी खाल्लाय शिरा."

आवाज इतका बारीक होता की आप्पांनी मान वळवून विचारलं, "कोन बोललं?"

सुषमा भिंतीजवळून पुढं आली. ती सभेत कधी बोलली नव्हती. शाळेत साहेब तपासणीला आले तरी तिचा खडू हातातून पडायचा. आत्ताही तिच्या पदराचं टोक तिच्या बोटांत पिळवटलं जात होतं.

"मी खाल्ला, आप्पा. साजूक तुपातला होता, बेदाणे घातलेला. मी द्रोणभर खाल्ला. ह्या बानूबाई माझ्या चुलतसासू. ह्यांना दोनदा वाढला, दुसऱ्यांदा मीच आणून दिला. सगळ्यांनी खाल्ला. मला वाटलं, आता बोललं तर माझ्या मुलीचं वर्ष जाईल, म्हणून गप्प बसले." तिचा आवाज एकदम मोठा झाला. "पण ह्यांना गाडीत घालून मी आणलंय. ह्यांचं काही बरंवाईट झालं तर गावात काय सांगू? आप्पांच्या मांडवात शिरा खाताना मी बघितलं आणि तोंड शिवून घेतलं? माझी मुलगी खोटं बोलत नाही. तिचं वर्ष जायचं तर जाऊ द्या."

बानूबाईनं तोंडावरचा पदर काढला.

"आता लपवून काय करायचं," ती म्हणाली. "दोन डाव घेतला. लई ग्वाड व्हता. तिसऱ्यांदा मागनार व्हते, पर लाज वाटली."

पहिल्यांदा पलीकडच्या खाटेवरचा मिशीवाला हसला. मग एकेक हात वर जायला लागला. शेवटी चौदाही हात वर होते आणि ज्ञानदेव दाराआड सरकला होता.

आप्पांनी गळ्यातला हार काढला आणि जवळच्या माणसाकडं दिला. "पिथ्या," ते पुतण्याला म्हणाले, "ह्यातलं मानूस दगावू शकतं का? खरं सांग."

पृथ्वीराज म्हणाले, "शक्यता फार कमी असते, आप्पा."

"कमी का नसंना, आसती का न्हाई?"

"...असते."

"मंग माज्या वाढदिवसाला माज्या दारातनं तिरडी काढतूस व्हय रं?" आप्पा ओरडले. मग प्रतिभाकडं वळले. त्यांचा राग उतरला नव्हता. "किती वाजता म्हन्तीस?"

"साडेतीनला. तोवर कुणाच्या पोटात पाणीही जाता कामा नये. तुमच्या माणसांना इकडं फिरकू देऊ नका."

"मला हुकूम सोडतीस?"

"पेशंटसाठी सोडते, आप्पा."

आप्पा मांडवात गेले. भाषणं झाली, नारळ फुटला, पेपरवाल्यांनी रिकाम्या टेबलाचा फोटो काढला. प्रतिभा लांब खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसली. दुपारी पंगतीचा वास आत आला तेव्हा बानूबाई म्हणाली, "आता खरी उपाशी हाय बग मी. मनापून उपाशी." सुषमाही जेवली नाही. ती लेकीशेजारी दाराला टेकून उभी राहिली.

साडेतीनला प्रतिभानं सिलिंडर उघडला. पृथ्वीराज हात धुऊन आले. माणूस कसाही असो, त्यांचा हात चांगला होता. अंधार पडेपर्यंत पाच ऑपरेशनं झाली, उरलेली नऊ दुसऱ्या दिवशी सकाळपासून; ते नऊ जण रात्रभर दाराशी बसलेल्या प्रतिभाच्या नजरेखाली उपाशी राहिले. सगळे उठले. बानूबाई डोळे उघडताच म्हणाली, "झालं? मला वाटलं अजून सुरूच न्हाई."

पत्र आठव्या दिवशी आलं. उद्धट वर्तन, असहकार, शिबिराच्या आयोजकांचा जाहीर अपमान, कॉलेजचं साहित्य अडवून ठेवणं. खाली पृथ्वीराजांची सही. शिऱ्याचा उल्लेख कुठंच नव्हता.

मॅडमनी प्रतिभाला बोलावून पत्र वाचायला दिलं. मग एक कोरा कागद तिच्यापुढं ठेवला.

"तू बरोबर होतीस. हे मी तुला इथं सांगते, बाहेर सांगू शकत नाही. वरून फोन आलाय. दोन ओळी लिही, झाल्या प्रकाराबद्दल माफी मागते. मी टर्मवर सही करते आणि विषय संपला."

प्रतिभानं पेन उघडलं आणि लिहिलं: शिबिरातील चौदा रुग्णांनी सकाळी नऊ वाजता तुपातला शिरा खाल्ला होता. म्हणून दुपारी साडेतीनपर्यंत मी त्यांना भूल दिली नाही. पुन्हा असं घडलं तर पुन्हा देणार नाही. चौदाही रुग्ण सुखरूप घरी गेले आहेत.

मॅडमनी वाचलं. "माफी कुठं आहे?"

"नाही लिहिली."

"तिसरं वाक्य तरी काढ."

"ते तर मुख्य आहे, मॅडम."

"प्रतिभा, ही टर्म अडली तर परीक्षा सहा महिने पुढं जाईल. बरोबरची मुलं पास होऊन नोकऱ्यांना लागतील आणि तू इथंच सुया भरत बसशील. तुझ्या घरच्यांना हे परवडणार आहे का? तुझी आई किती काळजी करते, मला माहीत आहे. हॉस्टेलवर तू नसलीस की तिचा फोन विभागात येतो, कधी कधी मीच उचलते."

"आईनंच तिथं सगळ्यांसमोर खरं सांगितलं, मॅडम. ती घाबरत होती, तरी बोलली. मी इथं बंद खोलीत बसून माफी लिहिली, तर तिचं बोलणं खोटं ठरेल."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खिडकीबाहेर स्ट्रेचरची चाकं वाजत गेली.

"सहा महिने," त्या पुन्हा म्हणाल्या.

"काढीन," प्रतिभा म्हणाली. तिनं कागद पुन्हा स्वतःकडं ओढला, खाली ठळक अक्षरात सही केली, तारीख घातली आणि तो मॅडमच्या समोर सरळ करून ठेवला.